सतरंजी अंथरण्याआधी

मंचावर पाय द्यायला बाबा नेहमी सगळ्यांच्या शेवटी चढत. त्या संध्याकाळीही आधी आत्या चढली, तिच्या मागून सिस्टर, मग थोरला, आणि प्रचाराच्या जीपमधून उडी मारून धावत आलेली धाकटी. चपला-बूट खाली एका रांगेत काढून ठेवले होते. घरच्यांनी उघड्या फळ्यांवर अनवाणी चालायचं, मधोमध टाचा आपटायच्या, कडेकडेने फिरायचं आणि कुठली फळी कुरकुरते ते सांगायचं, हा आजोबांनी घालून दिलेला रिवाज होता. परक्यांना वर उभं करण्याआधी स्वतःच्या माणसांना उभं करा, एवढंच त्यांचं म्हणणं. पुढे इंजिनिअरचे दाखले आले, तपासणीची पत्रं आली, तरी घरच्यांचे पाय लागल्याशिवाय या मंडपवाल्यांच्या मंचावर सतरंजी पडली नाही.

आणि एकदा सतरंजी पडली, की घरातलं कुणी त्या मंचावर पाऊल ठेवत नसे. ही रिवाजाची दुसरी बाजू. बाबांनी सगळ्या पक्षांचे मंच बांधले, जिंकणाऱ्यांचे बांधले, पडणाऱ्यांचे बांधले, पण त्यातल्या एकावरही त्यांचा फोटो नव्हता. एका मुख्यमंत्र्याने नाव घेऊन वर बोलावलं, तेव्हा ते जनरेटरच्या मागे जाऊन लपले होते. घरात ही गोष्ट अजून हसत सांगितली जाई. धाकटी मात्र हल्ली त्यावर हसत नव्हती.

"कुरकुरतंय का कुठे?" बाबांनी वर येत विचारलं.

"माझे गुडघे," आत्या म्हणाली. "फळ्या ठणठणीत आहेत."

सिस्टर हसली. सिस्टर म्हणजे थोरल्याची बायको. मैदानाच्या पलीकडे दिसणाऱ्या सरकारी रुग्णालयात ती परिचारिका होती, आणि लग्न होऊन आली तेव्हापासून घरात सगळे तिला सिस्टरच म्हणत, सासरेसुद्धा. ड्यूटी संपवून ती तशीच पांढऱ्या कपड्यांत आली होती.

बाबा चालायला लागले. टाच आपटली नाही, काही बोलले नाहीत. मंचाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले आणि तिथे उभे राहिले. मग मंचापासून पुढे गर्दीत घुसणारी चिंचोळी वाट होती, तिच्यावरून शेवटपर्यंत जाऊन परत आले. नंतर डाव्या अंगाला पायऱ्यांऐवजी केलेला लांबलचक उतार होता, त्याच्या कठड्यावर हात ठेवून खाली बघत राहिले.  बाबांना थोरला आयुष्यभर ओळखत होता. फळी सैल असली तर ते लगेच ओरडत. गप्प राहत ते मोठी चूक सापडली म्हणजे.

"उद्या इथे काय आहे?"

"रुग्णालयाच्या नव्या इमारतीचं उद्घाटन. तुम्हाला माहीत आहे की."

"वर बसणार किती जण?"

"आरोग्यमंत्री, सचिव, मोठे डॉक्टर... दहाबारा."

"आणि या दहाबारा जणांसाठी तू इथे फुटबॉलचा सामना भरवणार आहेस का?"

 बाबांनी मागच्या पडद्याकडे बोट केलं. "त्या पडद्याच्या मागे दुसरा पडदा गुंडाळलाय. दोरी दिसतेय मला. तो कशाचा?"

हा प्रश्न खरा आत्यासाठी होता, कारण घरातलं सगळं शिवणकाम तिच्या हाताखाली चाले. आत्याने मान ताठ केली. "माझंच काम आहे ते. एक दोरी ओढली की रुग्णालय वर आणि आपल्या पोरीचं चित्र खाली. डोळ्याचं पातं लवायच्या आत. असलं काम उभ्या राज्यात कुणी करून दाखवावं!"

"म्हणजे चारची सभा याच मंचावर."

"मग कुठे?" धाकटी पुढे आली. दिवसभर बोलून तिचा घसा बसला होता. "बाबा, यात लपवण्यासारखं काय आहे? दुपारी उद्घाटन, चारला सभा. मंत्रीसाहेब एकदाच येणार, एकदाच जाणार. पुढच्या आठवड्यात निवडणूक जाहीर झाली की त्यांना सरकारी कार्यक्रम करता येणार नाहीत, म्हणून ही घाई आहे. ते माझा हात धरून वर करणार आहेत. अर्धा मतदारसंघ तेवढ्यासाठी थांबलाय. इतके महिने ते हो म्हणत नव्हते, नाही म्हणत नव्हते, माझा जीव टांगणीला लागला होता. आता कुठे हो म्हणालेत."

"चांगलं आहे," बाबा म्हणाले. "सभेचा मंच कुणाच्या खर्चाने?"

"पक्षाच्या. अर्थात पक्षाच्या." तिने भावाकडे बघितलं. "दादा?"

थोरल्याने खाली फळ्यांकडे बघितलं. आयुष्यात इतका सुंदर मंच त्याने बांधला नव्हता. फळी फळीला अशी भिडली होती, की मधे नख जात नव्हतं. मंत्र्यांच्या सहायकाने एवढंच म्हटलं होतं, की जरा मोठा करा, कामाचा आदेश रुग्णालयाकडून निघेल, एकाच कामात दोन्ही भागेल. थोरल्याला तेव्हा आदेश दिसलाच नव्हता. त्याला दिसली होती वर उभी असलेली धाकटी बहीण, लहानपणी रिकाम्या मंचांवर भाषणं ठोकणारी, आणि तिच्यापुढे भरलेलं मैदान. तिच्यासाठी त्याने चिंचोळी वाट पुढे काढली, कारण ती उंचीने कमी होती आणि मागच्यांना दिसावी असं त्याला वाटलं. राज्यातल्या कुठल्याही कंत्राटदाराने असला घोळ लबाडीने केला असता. त्याने मायेने केला आणि ठोकून पक्का केला.

"सगळं रुग्णालयाच्या नावावर आहे," तो म्हणाला. "उतार, वाट, सगळं. मंजूर झालंय."

धाकटीच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. गेले काही महिने ती चौकाचौकांत एकच गोष्ट सांगत फिरत होती: तुम्ही साबण विकत घेता तेव्हासुद्धा कर भरता, मग सरकारला विचारा, माझा पैसा कुठे गेला. लहान मुलंही तिला बघून ओरडत, "माझा पैसा कुठे गेला?" आणि तो इथे होता, तिच्या पायाखाली.

"तू मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर तू नको म्हणाली असतीस."

"अरे, मग?"

"मग साहेब आलेच नसते!" थोरल्याचा आवाज चढला. "तुला वाटतं ते तुझ्या भाषणांवर खूश होऊन येतायत? त्यांना फुकटात भरलेलं मैदान पाहिजे होतं. ते मी दिलं."

आत्या मधे पडली. "पुरे झालं. सगळे करतात. याच मैदानावर किती जणांनी केलंय ते मी बघितलंय, पडदे मीच शिवलेत. पोरगी निवडून आली तर चार कामं नीट करेल. एका मंचासाठी तिचं आयुष्य का अडवायचं? तूच सांग गं, सिस्टर."

आत्याला वाटलं होतं, सिस्टर नवऱ्याची बाजू घेईल. आजवर ती घेत आली होती. थोरल्यालाही तसंच वाटलं, आणि त्याने आशेने तिच्याकडे बघितलं. सिस्टर उताराजवळ जाऊन उभी होती.

"हा कशासाठी केला?" तिने विचारलं.

"साहेबांचा गुडघा दुखतो. पायऱ्या चढवत नाहीत."

"अच्छा." तिने मैदानापलीकडे बोट दाखवलं. "नवी इमारत उंच जोत्यावर बांधलीय, पाणी शिरू नये म्हणून. दाराला नुसत्या पायऱ्या आहेत. परवा आम्ही पलंग हलवायला लागलो तेव्हा लक्षात आलं, की स्ट्रेचर आत जाणार कसं? मेट्रननी उतार मागितला. वरून उत्तर आलं, या वर्षीची तरतूद संपली. समारंभाला गेली." ती नवऱ्याकडे वळली. "अहो, मला माहीत नव्हतं की ती आपल्याच घरी आली."

थोरल्याला कुणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. सिस्टर रागावून बोलली नव्हती. रुग्णाच्या नातेवाइकाला सांगावं तशी ती शांतपणे बोलली होती, आणि आपण नातेवाइकांच्या रांगेत जाऊन बसलो हे त्याला फार लागलं.

तेवढ्यात मैदानाच्या फाटकातून पांढरी गाडी आत आली. मंत्र्यांचा सहायक उतरला, एका कानाला फोन लावून उतारावरून झपझप वर आला. बूट घालून. आत्याने त्याच्या बुटांकडे असं बघितलं, की दुसरा कुणी असता तर जागीच विरघळला असता.

"वा! वा!" फोन खिशात टाकत तो म्हणाला. "साहेब खूश होणार. ताई, उद्या मधोमध उभ्या राहा, साहेब उजव्या हाताने तुमचा डावा हात उचलतील. फोटोवाल्यांना सांगून झालंय."

"या मंचाचं बिल पक्षाच्या नावावर करता येईल?" धाकटीने विचारलं.

तो हसला. "आता? ताई, मंजुरी झाली, सह्या झाल्या. आणि मंच तर तसाही लागणारच होता ना? सरकारचा काय नि पक्षाचा काय, लोकांसाठीच आहे."

"सभेपुरता जादा भाग आम्ही आमच्याकडून देतो," थोरला घाईने म्हणाला. "रुग्णालयाच्या बिलातून तो वगळू."

"आणि मला कुणी विचारलं तर?" धाकटी त्याच्यावर उखडली. "सरकारी कामं घेणाऱ्या भावाने फुकट मंच दिला म्हणून सांगू? ते कमी वाईट आहे का?" ती पुन्हा सहायकाकडे वळली. "मग सभेला मंच नको. मी खाली उभी राहीन. साहेबांनी खाली येऊन जे बोलायचं ते बोलावं."

सहायकाचं हसू हळूहळू मावळलं. "ताई, साहेब धुळीत उभं राहून पाठिंबा देत नाहीत. तुमची तत्त्वं छान आहेत, पण त्यांच्या मनात दुसरंही एक नाव आहे, तुम्हाला ठाऊक आहे. सकाळपर्यंत विचार करा." उतरताना तो थोरल्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "सरकारची कामं पुढेही आहेत. समजवा जरा घरात."

गाडी गेली.  खाली माणसं खुर्च्या उतरवत होती, त्यांचा खडखडाट ऐकू येत होता.

धाकटी फळ्यांवर मांडी घालून बसली. मोठ्या सभेतली उमेदवार कुठेतरी गेली आणि घरातलं शेंडेफळ उरलं. "मी हरेन," ती म्हणाली. "साहेबांनी हात नाही उचलला तर मी सरळ सरळ हरेन. तुम्हाला कुणाला कळतंय का ते? दोन वर्षं मी घराघरांत फिरलेय." मग तिने बाबांकडे बघितलं आणि इतके दिवस आत दाबून ठेवलेलं बाहेर आलं. "तुम्ही सगळ्या जगाचे मंच बांधलेत, बाबा. कुणाकुणाचे बांधलेत! पण माझ्या बाजूने एकदा, एकदाही, उभे राहिला नाहीत. लोक मला विचारतात, तुझे वडील तुझ्याबरोबर आहेत का? काय सांगू मी त्यांना? की ते जनरेटरच्या मागे असतात?"

आत्या कळवळली. "अगं, असं बोलू नये."

"बोलू दे," बाबा म्हणाले.

ते तिच्यासमोर बसले, गुडघ्यांवर हात टेकत, सावकाश. "मी तुझ्याबरोबर वर आलो, तर उद्या दुसऱ्या पक्षाचा माणूस माझ्या मंचावर निर्धास्त उभा राहील का? खालचा पाइप सैल तर सोडला नाही ना, असं त्याच्या मनात येईल. मंचावर उभ्या माणसाला खालच्याचा भरवसा लागतो. म्हणून चढायचं नाही. तुझ्यावर राग नव्हता कधी."

"मग आता सांगा ना, मी काय करू?"

"ते मी नाही सांगणार. तू पाय दिलास या मंचावर. तुला काय वाटलं, ते तू सांग."

धाकटी बराच वेळ हाताने फळी चाचपत राहिली. थोरल्याला वाटलं, ती रडेल. तो मनातल्या मनात म्हणत होता, राहू दे म्हण, एकदाच राहू दे म्हण, पुढचं मी निस्तरतो. त्याला ती जिंकायला हवी होती. अगदी त्या क्षणीसुद्धा.

"दादा," ती शेवटी म्हणाली, "मोठा पाना कुठे आहे?"

लहानपणी ती पाइपांचे क्लॅम्प सोडवायला शिकली होती, हात अजून विसरला नव्हता. पुढे काढलेल्या वाटेचा पहिला क्लॅम्प तिने सोडवला. दुसरा सोडवायला थोरला तिच्या शेजारी बसला. पाना फिरवताना त्याचे डोळे भरून आले होते, आणि तिने ते बघून न बघितल्यासारखं केलं. आत्या वर चढवलेला पडदा खाली घेऊन शिवण उसवायला बसली. "आयुष्यात पहिल्यांदा डोळ्याचं पातं लवायच्या आत होणारं काम केलं," ती पुटपुटली, "आणि ते उसवायलाही मलाच बसवलं." पण तिचे हात भराभर चालत होते.

मंचाचा वाढवलेला भागही उतरला; उतार राहिला. त्याच्या जागी पायऱ्या लावून तो सुटा जमिनीवर ठेवला, तेव्हा बाबांनी थोरल्याला विचारलं, "याचं काय करणार?"

"गोदामात नेतो."

"तो रुग्णालयाच्या आदेशात आहे ना?" धाकटी म्हणाली. "मग रुग्णालयालाच द्या."

मेट्रनला सिस्टरने फोन केला. नव्या इमारतीच्या पायऱ्यांवर तो उतार बसवताना थोडी ठोकाठोक करावी लागली, कारण जोतं मंचापेक्षा जरा उंच निघालं. खाली दोन पाइप वाढवले. मग चपला काढून घरचे सगळे त्यावरून वर गेले आणि खाली आले. शेवटी बाबा.

दुसऱ्या दिवशी आरोग्यमंत्री आले, तेव्हा लहानसा, चौकोनी मंच बघून त्यांनी सहायकाकडे मान वळवली, आणि सहायकाने कानावर हात ठेवले. साहेब कठड्याला धरून, ओठ घट्ट मिटून पायऱ्या चढले. भाषण थोडक्यात आटोपलं. फीत कापायला ते नव्या इमारतीकडे गेले, तिथे मात्र उतारावरून आरामात वर पोचले, आणि वळून गर्दीला म्हणाले, "बघा, आमच्या सरकारने रुग्णांचा किती बारकाईने विचार केलाय!" टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात सिस्टरने वाजवल्या.

परत जाताना ते धाकटीसमोर क्षणभर थांबले. "भेटू," एवढं म्हणून गाडीत बसले. गाडी फाटकातून बाहेर गेली. फोटोवालेही पाठोपाठ निघाले. दुसरं नाव संध्याकाळपर्यंत जाहीर होईल, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळलं.

चार वाजता लोक मात्र आले. मैदान भरलं नाही, पण रिकामंही राहिलं नाही. थोरल्याने तोवर माणसं लावून छोटा मंचही उतरवला होता. उद्घाटन संपलं, रुग्णालयाचं काम संपलं. सतरंजी गुंडाळून ट्रकमध्ये गेली. जिथे मंच होता तिथे मातीवर पाइपांचे गोल ठसे होते, आणि त्यांच्या मधे माइक हातात घेऊन धाकटी उभी होती. मागून कुणीतरी ओरडलं, "ताई दिसत नाहीत!" दुसरा म्हणाला, "मंत्री कुठे गेले?" काहीजण हसले. दोघेचौघे फाटकाकडे वळले.

धाकटीने माइक तोंडाशी नेला. थोरला ट्रकपाशी उभा होता. त्याला वाटलं, धावत जाऊन एक खोकं तरी तिच्या पायाखाली सरकवावं. तो हललाही. तेवढ्यात त्याने बघितलं, की बाबा जनरेटरजवळून निघाले आहेत.

ते गर्दीतून वाट काढत चालले होते. लोक त्यांना ओळखत होते. ज्यांनी या गावात एकदा तरी सभा ऐकली होती, त्यांनी त्यांना खाली दोऱ्या ओढताना, पाइप तपासताना बघितलं होतं. पुढे येताना कुणी बघितलं नव्हतं. माणसं आपसूक बाजूला झाली. फाटकाकडे गेलेले लोकही थांबून बघू लागले.

बाबा धाकटीजवळ पोचले. तिने माइक खाली घेतला, पण तो चालूच होता, म्हणून पुढचं सगळ्यांना ऐकू आलं.

"बाबा, तुम्ही? आणि तो नियम?"

"मंचावर चढायचं नाही, एवढाच नियम आहे," बाबा म्हणाले. त्यांनी आजूबाजूला, खालच्या मातीकडे बघितलं. "इथे मंच कुठे आहे?"

त्यांनी चपला काढल्या, वाकून एका बाजूला नीट ठेवल्या, आणि मुलीच्या शेजारी अनवाणी उभे राहिले. ट्रकपाशी थोरला खाली बसून आपल्या बुटांच्या नाड्या सोडू लागला.